ग्रंथालयापासून खाटेपर्यंत

२००१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत, चोवीस वर्षांची एक तरुणी एका प्रयोगासाठी स्वयंसेविका म्हणून पुढे आली. ती तिथेच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. तिला कसलाही आजार नव्हता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकुंचनापासून स्वतःचा बचाव कसा करतात, हे संशोधकांना पाहायचे होते आणि त्यासाठी हेक्झामेथोनियम नावाचे द्रव्य श्वासावाटे द्यायचे होते. ते घेतल्यावर तिला खोकला सुरू झाला, मग धाप लागली, मग फुप्फुसे निकामी होत गेली. २ जूनला ती गेली.

चौकशीत बऱ्याच गोष्टी उजेडात आल्या. आधीच्या एका स्वयंसेवकालाही खोकला झाला होता, पण तो वेळेवर कळवला गेला नव्हता. संमतिपत्रात धोक्याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. जुलैमध्ये केंद्र सरकारने त्या संस्थेतले सरकारी निधीवर चालणारे माणसांवरचे जवळजवळ सगळे संशोधन काही दिवस थांबवले. पण वैद्यकीय ग्रंथपालांच्या मनाला लागली ती वेगळीच बाब. हे द्रव्य फुप्फुसांना घातक आहे का, हे संशोधकाने आधी तपासले होते. त्याचा मुख्य आधार होता पबमेड हा संगणकीय साठा आणि एक पाठ्यपुस्तक. तिथे धोक्याचे काही दिसले नाही. आणि तेव्हाचा पबमेडचा शोध १९६६ पर्यंतच मागे जात होता.

हेक्झामेथोनियम हे १९५० च्या दशकात रक्तदाबावरचे औषध होते. त्याने फुप्फुसे खराब झाल्याची वर्णने त्याच दशकातल्या नियतकालिकांत छापली गेली होती. त्या काळच्या छापील सूचींचे जाड खंड मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयांच्या कपाटांत उभे होते. ते काढून पाहणे एवढेच काम होते.

इस्पितळातला डॉक्टर संगणकावर संशोधन शोधतो म्हणजे नेमके काय करतो? ज्या साठ्यावर तो भिस्त ठेवतो तो कुणी, कशासाठी, कोणत्या मर्यादांत रचला? आणि त्यातले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत कितपत पोहोचते? या प्रश्नांचा मागोवा घेताना आपल्याला पार एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

एका प्रबंधाची अडचण

१८६० साली ओहायोच्या वैद्यकीय महाविद्यालयातून जॉन शॉ बिलिंग्ज नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी पदवीधर झाला. त्याच्या प्रबंधाचा विषय होता अपस्मारावरची शस्त्रक्रिया. अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण वाचले, एवढी साधी माहिती गोळा करायची, तर शेकडो ग्रंथ आणि नियतकालिके एकेक करून चाळावी लागत होती. त्यांतली कित्येक गावात नव्हतीच. कोणत्या अंकात काय आले आहे हे सांगणारी भरवशाची सूची तर कुठेच नव्हती. ही अडचण बिलिंग्ज जन्मभर विसरला नाही.

पुढे यादवी युद्धात तो लष्करी शल्यविशारद झाला. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कचेरीतले छोटेसे ग्रंथालय त्याच्या हाती आले. युद्धकाळातल्या इस्पितळांचा शिल्लक निधी सरकारजमा झाला होता, त्यातला काही पुस्तकांसाठी मिळाला. जागा मिळाली ती फोर्ड्‌स थिएटरची. १८६५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेच हे नाट्यगृह. सरकारने ते ताब्यात घेऊन तिथे कचेऱ्या थाटल्या होत्या. सुरुवातीला जेमतेम दोन हजार ग्रंथांचे असलेले हे ग्रंथालय बिलिंग्ज १८९५ साली निवृत्त झाला तेव्हा एक लाखाच्या वर गेले होते.

पण त्याचे खरे काम ग्रंथ जमवण्यापलीकडचे होते. नियतकालिकांचे गठ्ठे तो संध्याकाळी घरी नेई आणि कोणते लेख नोंदवायचे त्यावर पेन्सिलीने खुणा करी. कारकून मग त्या लेखांची कार्डे लिहीत. या कार्डांतून १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची निघाली. तिचे संपादन बिलिंग्जने रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याबरोबर केले. १८८० पासून ग्रंथालयाच्या सूचीग्रंथाचे खंडही निघू लागले. पहिल्या मालिकेचे सोळा खंड व्हायला पंधरा वर्षे लागली. अमेरिकेने वैद्यकाला दिलेल्या मोठ्या देणग्या मोजताना विल्यम वेल्च या विख्यात वैद्यकतज्ज्ञाने भूल देण्याच्या शोधाबरोबर या ग्रंथालयाचे आणि त्याच्या सूचीचे नाव घेतले, आणि तिलाच सर्वांत वरचे स्थान दिले.

मासिक सूचीचे नशीब मात्र नियतकालिकांचे असते तसेच निघाले. वर्गणीदार पुरेसे मिळेनात. १८९९ साली ती बंद पडली आणि १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा उभी राहिली. तोवर जगभरच्या डॉक्टरांना तिची उणीव भासली होती.

बिलिंग्जच्या आणखी दोन कामांची नोंद इथे करायला हवी. जनगणनेची आकडेमोड यंत्राने करता येईल अशी कल्पना त्याने हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला सुचवली. त्यातून भोके पाडलेल्या कार्डांचे यंत्र तयार झाले, १८९० च्या जनगणनेत वापरले गेले आणि पुढे संगणक उद्योगाचा पाया बनले. दुसरे काम एका इस्पितळाच्या रचनेचे. १८८९ साली उघडलेल्या त्या इस्पितळाचा आराखडा बिलिंग्जचा होता. ते इस्पितळ म्हणजे बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स. डॉक्टरला आधीचे काम सापडावे म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्यानेच आखलेल्या संस्थेत, आधीचे काम न सापडल्यामुळे, शंभरहून अधिक वर्षांनी एक निरोगी मुलगी दगावली.

कार्डे, फिती आणि तारा

१९५६ साली लष्कराचे हे ग्रंथालय कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले आणि पुढे वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी नव्या इमारतीत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर नियतकालिकांचा पूर आला होता. हाताने कार्डे लिहून तो आवरणे शक्य नव्हते. १९६४ च्या जानेवारीत ‘मेडलार्स’ ही संगणकप्रणाली चालू झाली. तिचा पहिला हेतू छापील सूची लवकर काढता यावी एवढाच होता. पण नोंदी चुंबकीय फितीवर आल्या होत्या, तेव्हा एखाद्या डॉक्टरच्या नेमक्या प्रश्नासाठी त्या चाळून देता येतील हेही लक्षात आले. डॉक्टरने अर्ज भरायचा, प्रशिक्षित ग्रंथपालाने तो यंत्राच्या भाषेत मांडायचा, बाकीच्या अर्जांबरोबर तो फितीवर चालवायचा आणि छापील यादी टपालाने पाठवायची. यात काही आठवडे जात. संशोधकाला हे चालण्यासारखे होते. वॉर्डात तापाने फणफणलेल्या रुग्णापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्याचा उपयोग नव्हता.

१९७१ साली दूरध्वनीच्या तारांवरून थेट शोध घेता येऊ लागला. त्याचे नाव ‘मेडलाइन’. तरीही मध्ये ग्रंथपाल होताच. जोडणीचे पैसे वेळेवर मोजले जात, म्हणून प्रश्न आधी कागदावर नीट लिहून मगच यंत्रापुढे बसायचे, अशी शिस्त होती. १९८६ मध्ये घरच्या संगणकावरून डॉक्टरने स्वतः शोध घ्यावा अशी प्रणाली आली. आणि २६ जून १९९७ रोजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते पबमेड सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर थांबले. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

या साठ्याचे खरे बळ त्याच्या विषयशब्दांत आहे. १९६० पासून ग्रंथालयाने एक नियंत्रित शब्दसूची सांभाळली आहे. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहिले असो वा दुसरे काही, ग्रंथालयाच्या नोंदीत तो लेख ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाखाली बसतो. सुरुवातीला चार हजारांच्या आसपास असलेली ही शीर्षके आता तीस हजारांवर गेली आहेत. ज्याला ती ठाऊक आहेत तो डॉक्टर शोध घेतो, ज्याला ठाऊक नाहीत तो नुसते शब्द टाकून पाहतो. दोघांच्या पडद्यावर यादी उमटते आणि दिसायला दोन्ही याद्या सारख्याच असतात.

१९६६ च्या मर्यादेचे कारणही इथेच आहे. त्या तारखेचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. संगणकाच्या फितींवरून थेट शोधाच्या साठ्यात आलेल्या नोंदी तिथून सुरू होत होत्या, एवढेच. त्याआधीचे ज्ञान खोटे ठरले नव्हते. ते कागदावर राहिले होते. पण पडद्यासमोर वाढलेल्या पिढीच्या लेखी जे पडद्यावर नाही ते नव्हतेच. आता १९४० च्या दशकापर्यंतच्या जुन्या छापील सूचीही साठ्यात उतरवल्या गेल्या आहेत. म्हणजे मर्यादा मागे सरकली आहे, पुसली गेलेली नाही.

सापडणे आणि जुळणे

समजा, सगळे सापडले. पुढे काय?

१९७२ साली न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातल्या लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या २८२ मातांपैकी काहींना त्यांनी प्रसूतीपूर्वी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली होती. हेतू हा, की बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत. औषध न मिळालेल्या गटात सुरुवातीच्या दिवसांतला बालमृत्यू १५ टक्के होता, औषध मिळालेल्या गटात ३.२ टक्के. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या. काही लहान होत्या, काहींचे निष्कर्ष एकटे पाहिले तर अनिश्चित वाटत. प्रत्येक निबंध सूचीत नोंदला जात होता. सगळे एकत्र मांडून बेरीज मात्र कुणी केली नव्हती.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ साली वैद्यक व्यवसायाला याच गोष्टीवरून टोकले. प्रत्येक शाखेतल्या सर्व चाचण्यांचा साक्षेपी गोषवारा ठराविक काळाने काढत राहण्याची सोय आपण केलेली नाही, हे त्यांचे म्हणणे होते. इयन चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसूतिशास्त्रापुरते ते काम हाती घेतले. १९९० च्या सुमारास स्टिरॉइडच्या चाचण्यांची बेरीज प्रसिद्ध झाली आणि लाभ निःसंशय ठरला. तरी १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद भरवली, तेव्हा त्या प्रगत देशातही ज्यांना हे औषध मिळायला हवे अशा पाच मातांपैकी एकीलाही ते जेमतेम मिळत होते. पहिल्या चाचणीला बावीस वर्षे झाली होती.

१९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रन संघटनेच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या आडव्या रेघा आहेत. शोभेसाठी काढलेले वाटणारे ते चित्र म्हणजे उशिरा केलेल्या बेरजेची नोंद आहे.

खाटेपाशी

१९८५ साली लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. कॉव्हेल आणि सहकाऱ्यांना दिसले, की दर तीन रुग्णांमागे डॉक्टरच्या मनात सुमारे दोन प्रश्न उभे राहतात. त्यांतल्या तीस टक्क्यांच्याच आसपास प्रश्नांना रुग्ण समोर असताना उत्तर मिळते, आणि तेही बहुधा पुस्तकातून मिळत नाही. ते शेजारच्या डॉक्टरला विचारून मिळते. उरलेले प्रश्न दिवसाच्या गर्दीत विरून जातात. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी तासभर उभे राहिले, तर हे सांगायला आकडे लागू नयेत.

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ इस्पितळात डेव्हिड सॅकेट यांनी यावर एक उपाय करून पाहिला. संगणक, निवडक संशोधनाच्या तबकड्या आणि काही पुस्तके त्यांनी चाकांच्या एका गाड्यावर चढवली आणि तो गाडा राउंडला सोबत न्यायला सुरुवात केली. १९९८ साली त्यांनी आणि स्ट्राउस यांनी त्याचा हिशेब मांडला. महिन्याभरात ९८ वेळा शोध घेतला गेला. निदान वा उपचाराशी संबंधित असलेल्या आणि यशस्वी ठरलेल्या ७१ शोधांपैकी ३७ मध्ये डॉक्टरांच्या मनात होते तेच योग्य ठरले. १८ मध्ये नवा निर्णय वा नवी तपासणी निघाली. १६ मध्ये आधीचे चुकत होते ते दुरुस्त झाले. पुढे गाडा काढून घेतला. तेव्हा पुराव्याची गरज ४१ वेळा भासली, पण शोध घेतला गेला फक्त ५ वेळा. ग्रंथालय त्याच आवारात होते आणि डॉक्टर तेच होते. मधले अंतर तेवढे वाढले होते.

मला हा आकडा या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. डॉक्टर आळशी असतो म्हणून तो शोधत नाही, हे खरे नाही. पुढचा रुग्ण उभा असतो म्हणून शोधत नाही. गाड्याची जागा आता खिशातल्या फोनने घेतली आहे. तरी मूळ निबंध वाचणारे थोडेच. मूत्रपिंडतज्ज्ञ बर्टन रोझ यांनी १९९२ साली सुरू केलेल्या ‘अप-टू-डेट’सारखे तज्ज्ञांनी लिहिलेले तयार सारांश निवासी डॉक्टरांना अधिक जवळचे वाटतात, कारण तिथे दोन मिनिटांत उत्तर मिळते. त्यात गैर काही नाही. फक्त ते सारांश कुणाच्या रुग्णांवरून लिहिले, हे विचारायचे राहून जाते.

आपली नोंद

तो प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. वर सांगितलेल्या स्टिरॉइडचीच पुढची कथा पाहा. गरीब देशांतल्या खेड्यापाड्यांतही हे औषध पोहोचवावे म्हणून सहा देशांत, जवळजवळ एक लाख जन्मांवर, एक मोठी चाचणी झाली. तिच्या भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक नागपूर होते, दुसरे बेळगाव. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला तो धक्कादायक होता. अकाली जन्मलेल्या लहान बाळांना अपेक्षित लाभ झाला नाहीच, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. गर्भाचे वय नेमके ठाऊक नाही, जन्मल्यावर नवजातांसाठीची सोय जवळ नाही, अशा ठिकाणी तेच औषध वेगळे वागले. मग २०२० साली भारतासह पाच देशांतल्या, पुरेशी सोय असलेल्या इस्पितळांत झालेल्या चाचणीत लाभ पुन्हा स्पष्ट दिसला. म्हणजे बोधचिन्हातली बेरीज चुकली नव्हती. ती ज्या इस्पितळांतून आली होती तशा इस्पितळांना ती लागू होती. यादी सापडल्यावर ‘माझे इस्पितळ यांतल्या कुणासारखे?’ हे विचारणे डॉक्टरचेच काम उरते.

साठ्यात आपले काय आहे हाही मुद्दा आहे. बेथेस्डाच्या सूचीत भारतीय नियतकालिके मोजकीच असत. म्हणून १९८६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत एक केंद्र उभारले, आणि त्यातून पुढे भारतीय नियतकालिकांचा ‘इंडमेड’ हा साठा झाला. मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय इथल्या अध्यापकांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते आहे. या शतकाच्या आरंभी ते आणि त्यासारखी नियतकालिके संगणकावर सर्वांना फुकट वाचता येऊ लागली. मुंबईच्याच मेडनो या प्रकाशनसंस्थेने तो मार्ग रुळवला. ती संस्था २०११ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली.

बाकीच्या निबंधांचे काय? पबमेड फुकट आहे, पण ती सूची आहे. गोषवारा दिसतो, निबंधाच्या दारावर बहुधा पैशांची पाटी असते. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि सहा हजारांहून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे मोठेच वरदान आहे. पण योजना सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. महाविद्यालय सोडून तो तालुक्याच्या गावी गेला, की दार पुन्हा मिटते. ज्याला शेजारी विचारायला दुसरा डॉक्टरही नसतो, नेमका त्याच्याचसाठी.

आणि तरीही तालुक्याच्या गावातून काय येऊ शकते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने मुले दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या खाटेशी रात्री जागून काढल्या, नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि १९८६ साली प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा विंचूदंशातला उपयोग त्यांनी तिथेच मांडला. पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते, ते त्यांनी रुग्णाकडून मिळवले आणि लिहून ठेवले. ते लिहिले म्हणून सूचीत गेले. सूचीत गेले म्हणून आज दुसऱ्या कुठल्या गावी, रात्रपाळीला एकटा असलेला नवशिका डॉक्टर फोनवर दोन शब्द टाकतो, तेव्हा महाडचे उत्तर बेथेस्डाहून त्याच्यापर्यंत येते.

बिलिंग्जने पेन्सिलीने केलेल्या खुणांचा अर्थ एवढाच होता: कुणीतरी कुठेतरी पाहिले आहे, ते पुढच्याला दिसले पाहिजे. साठे वाढले, शोध क्षणात होऊ लागला. पण पाहणाऱ्याने लिहायचे, लिहिलेले जपायचे, जपलेले वाचू द्यायचे आणि वाचणाऱ्याने आपल्या रुग्णाकडे पाहून ताडायचे, या चार पायऱ्या यंत्राने कमी केलेल्या नाहीत. त्यांतली एक निसटली तर काय होते, ते बाल्टिमोरमध्ये २००१ च्या जून महिन्यात दिसले. पडद्यावर ‘काही सापडले नाही’ असे उमटले, तर आपण कुठवर शोधले एवढेच त्यातून कळते.